चार कॅमेऱ्यांचा घरगुती सीसीटीव्ही संच : दरपत्रकातला खर्च आणि प्रत्यक्षातला खर्च

घरासाठी सीसीटीव्ही बसवण्याची चौकशी करणाऱ्याला पहिल्यांदा जो आकडा ऐकवला जातो, तो बहुधा फक्त संचाचा असतो : चार कॅमेरे, एक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण नोंदवणारे यंत्र), एक हार्डडिस्क आणि एक पॉवर सप्लाय. साताऱ्यातल्या आमच्या घरासाठी आलेल्या पहिल्या दरपत्रकात हा आकडा १४,१०० रुपये होता. काम पूर्ण झाल्यावर बिल आले २३,९०७ रुपयांचे, आणि पाच वर्षांचा हिशेब मांडला तर हीच व्यवस्था ९७,००० रुपयांच्या पुढे जाते. दुकानदाराने सांगितलेला आकडा खोटा नव्हता, अपुरा होता. संचाची गुणवत्ता आणि बसवणाऱ्याचे काम यांविषयी पुढे लिहिले आहेच. पण या परीक्षणाचा मुख्य भर दरपत्रकातल्या आणि प्रत्यक्षातल्या खर्चामधल्या अंतरावर आहे, कारण घेण्यापूर्वी आम्हाला जी माहिती शोधूनही एका जागी मिळाली नाही ती हीच होती.

घर बैठे आहे. पुढे अंगण आणि लोखंडी फाटक, एका बाजूला बोळ, मागे परसदार. वडिलांचे वय सत्तरीच्या पुढे, आम्ही मुले पुण्यात, आणि आई-वडील वर्षातून एकदोनदा दीर्घकाळ आमच्याकडे राहायला येत असल्यामुळे घर कुलूपबंद असते. म्हणून फाटक, ओटा, बोळ आणि मागचे दार अशा चार जागा निश्चित केल्या. ओट्यासाठी डोम (घुमटाच्या आकाराचा) आणि बाकी तीन जागांसाठी बुलेट (लांबट नळीसारखे) कॅमेरे घेतले. संच एका भारतीय कंपनीचा, २.४ मेगापिक्सेलचा, डीव्हीआरवर चालणारा म्हणजे ॲनालॉग एचडी प्रकारातला आहे.

आता बिलाकडे येऊ. चार कॅमेऱ्यांचे ६,००० रुपये, चार चॅनेलच्या डीव्हीआरचे ३,२००, एक टीबीच्या हार्डडिस्कचे ४,२०० आणि पॉवर सप्लायचे ७०० मिळून पहिल्या दरपत्रकातले १४,१०० रुपये होतात. त्याखाली बारीक अक्षरांत ‘केबल, मटेरियल व लेबर प्रत्यक्ष कामानुसार’ एवढीच ओळ होती, आणि या एका ओळीने पुढे ६,१६० रुपये खाल्ले : ९० मीटरच्या केबल बंडलाचे २,७००, केबल जोडण्याच्या बीएनसी आणि डीसी पिनांचे ३२०, कॅमेऱ्यामागच्या पीव्हीसी बॉक्सचे २४०, पाइप आणि पट्टीचे ९००, आणि कॅमेऱ्यामागे ५०० या दराने मजुरीचे २,०००. झाले २०,२६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,६४७ रुपये मिळवले की बिलाचा आकडा येतो. दरपत्रकातली किंमत करासह आहे की कराशिवाय, हा प्रश्न म्हणून पहिल्याच भेटीत विचारावा. आमच्याकडे आलेल्या दरपत्रकांपैकी बहुतेकांवर त्याचा उल्लेखच नव्हता.

यातली सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक रक्कम केबलची आहे. बाजारात ‘थ्री प्लस वन’ या नावाने मिळणारी केबल दोन प्रकारची असते : शुद्ध तांब्याची आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. दुसरीला कारागीर नुसते ‘अलॉय’ म्हणतात आणि ती आमच्याकडे बंडलामागे हजार-बाराशे रुपयांनी स्वस्त मिळत होती. बसवायला आलेल्या मुलाने पिशवीतून बंडल काढताना सरळ सांगितले, “काका, अलॉयची टाकू का? तेवढीच चालती, पायपातनं जाणार, दिसतीय कुणाला!” वडील म्हणाले, “दिसणार नाही म्हणूनच आधी बघून घेतो.” त्यांनी तारेचे टोक सोलायला लावले आणि ब्लेडने तार खरवडून पाहिली. वरचा तांबूस थर निघून आत पांढरट धातू दिसला, की ती तांब्याची नव्हे. मुलाने कुरकुर न करता दुसरे बंडल आणले, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

हा आग्रह हौसेचा नव्हता. कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा डीसी पुरवठा याच केबलमधून जातो आणि ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्यापेक्षा जास्त असल्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत व्होल्टेज घटते. दिवसा हे लक्षात येत नाही. अंधार पडून कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे पेटले, की तो जास्त प्रवाह ओढतो, व्होल्टेज आणखी खाली येते, आणि परसदारचा कॅमेरा नेमका रात्री बंद पडून पुन्हा चालू होत राहतो. मग कॅमेरा बदला, पॉवर सप्लाय बदला असे उपाय सुरू होतात आणि प्रत्येक खेपेला पैसे मोजावे लागतात. बंडलामागे वाचवलेले हजार रुपये असे दामदुपटीने वसूल होतात. शिवाय कॅमेरा बदलणे पाच मिनिटांचे काम आहे. भिंतीवरून नेलेली आणि वर रंग मारलेली केबल बदलणे म्हणजे घराचे काम नव्याने काढणे.

चित्राच्या दर्जाबाबत हा संच दिलेल्या पैशांना न्याय देतो, मात्र त्यासाठी लेन्सची निवड डोळसपणे करावी लागते. विक्रेते २.८ मिलिमीटरची लेन्स पुढे करतात, कारण तिच्यात साधारण शंभर अंशांचे रुंद दृश्य दिसते आणि मोबाइलवर ते पाहून ग्राहक खूश होतो. परंतु १०८०पी चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल एवढीच असते. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखता यावा यासाठी मीटरला सुमारे २५० पिक्सेल लागतात, असा सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतला निकष आहे. भागाकार केला तर माणूस जिथे उभा राहणार, तिथे दृश्याची रुंदी साडेसात मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी हवी. आमचे फाटक कॅमेऱ्यापासून जवळपास पाच मीटरवर आहे. तिथे रुंद लेन्सने बारा मीटरचा परिसर दिसला असता आणि चेहरा पुसट आला असता. म्हणून फाटकासाठी ३.६ मिलिमीटरची, म्हणजे कमी रुंद दृश्याची, लेन्स मागितली आणि तिच्यासाठी एक रुपयाही जादा द्यावा लागला नाही. ओट्यावर, जिथे माणूस अगदी जवळ येतो, तिथे २.८ योग्यच आहे. मेगापिक्सेल वाढवण्यासाठी पैसे मोजण्यापूर्वी ही फुकटातली सुधारणा करून घ्यावी.

रात्रीचे कृष्णधवल चित्र स्वच्छ येते. गाडीचा नंबर मात्र रात्री वाचता येत नाही, कारण हेडलाइटच्या झोतात पाटी पांढरीफेक होते. तो या श्रेणीतल्या कुठल्याही कॅमेऱ्याकडून अपेक्षू नये. दुसरा त्रास कोळ्यांचा. इन्फ्रारेडच्या दिव्यांकडे रात्री किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्ससमोर विणलेला एकच धागा रात्री प्रकाशाने उजळून चित्रभर पांढऱ्या दोरासारखा लोंबकळतो. वाऱ्याने तो हलला की डीव्हीआर त्याला हालचाल समजतो आणि फोनवर सूचनांचा पाऊस पडतो. लांब दांड्याचा झाडू हाच यावरचा इलाज आहे आणि पावसाळ्याच्या सुमारास तो वरचेवर हाती घ्यावा लागतो.

हार्डडिस्क किती क्षमतेची घ्यावी, हा प्रश्न ‘एक टीबी भरपूर झाली’ या उत्तरावर सोडू नये. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या गतीने अखंड चित्रण करत असेल तर दिवसाला २१.६ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांचे ८६.४ जीबी होतात, म्हणजे एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि त्यानंतर जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढते. महिनाभर बंद राहणाऱ्या घराला हे पुरणारे नाही. चित्रण कमी जागेत बसवणारी एच.२६५ पद्धत निवडून गती एक मेगाबिटवर आणली, की हाच काळ तेवीस दिवसांवर जातो, आणि बोळासारख्या निर्मनुष्य जागेचे चित्रण केवळ हालचाल झाल्यावरच व्हावे अशी व्यवस्था केली, तर महिन्याची मजल गाठता येते. या बदलांना खर्च शून्य आहे, पण बसवणारा ते आपण होऊन करत नाही. समोर बसून करून घ्यावे लागतात. डिस्क मात्र सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच हवी. जुन्या संगणकातली डिस्क बसवून तीन-चार हजार वाचवण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता, परंतु चोवीस तास लिखाण करण्यासाठी ती डिस्क घडवलेली नसते.

आतापर्यंतचा खर्च एकदाच करायचा होता. खरा फरक पडतो तो दरमहा जाणाऱ्या पैशांमुळे, आणि याविषयी कुठलाही विक्रेता स्वतःहून बोलत नाही. पुण्यात बसून साताऱ्याचे अंगण पाहायचे तर त्या घरी इंटरनेट हवे. आई-वडिलांकडे ते नव्हते, कारण त्यांचा मोबाइलचा डेटा त्यांना पुरत होता. नवे ब्रॉडबँड कनेक्शन महिना ५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९० रुपयांना पडते. वर्षाचे ७,०८० आणि पाच वर्षांचे ३५,४००. संचाच्या किमतीच्या अडीचपट रक्कम एकट्या इंटरनेटवर जाते! ज्यांच्या घरी हे कनेक्शन आधीपासून आहे त्यांना ही ओळ वगळता येईल, पण गावाकडच्या किंवा बंद घरासाठी सीसीटीव्ही घेणाऱ्यांनी ती हिशेबात सर्वांत वर लिहावी.

विजेचेही तसेच. डीव्हीआर, डिस्क आणि चार कॅमेरे मिळून सुमारे ३५ वॅट आणि इंटरनेटचा राउटर १० वॅट, असे ४५ वॅट अहोरात्र चालू राहतात. वर्षाला ३९४ युनिट होतात. एकूण बिलाला युनिटांनी भागून आमच्याकडे येणारा दर प्रतियुनिट दहा रुपयांच्या आसपास आहे, त्या हिशेबाने वर्षाला ३,९४२ रुपये. याखेरीज वीज गेल्यावर व्यवस्था आंधळी होऊ नये म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. त्याचे ३,००० रुपये. नव्या बॅटरीवर तो एवढा भार साधारण तासभर ओढतो. घरात इन्व्हर्टर असेल तर हा खर्च करूच नये, डीव्हीआर आणि राउटर यांचे प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. राउटर विसरला जातो आणि मग चित्रण चालू असूनही फोनवर काही दिसत नाही.

पाच वर्षांची बेरीज अशी होते : बिलाचे आणि यूपीएसचे मिळून २६,९०७, इंटरनेटचे ३५,४००, विजेचे १९,७१०, पाच वर्षांत एकदा डिस्क बदलावी लागेल असे धरून जीएसटीसह ४,९५६, यूपीएसच्या बॅटरीचे १,०००, आणि पहिले वर्ष मोफत सोडून चार वर्षांच्या एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, वर्षाला २,३६० या दराने ९,४४०. एकूण ९७,४१३ रुपये, म्हणजे महिन्याला १,६०० रुपयांहून थोडे अधिक. इंटरनेट आधीपासून असलेल्या घराला, राउटरची वीजही वगळून, हाच हिशेब सुमारे ५७,६०० रुपयांवर येतो. दोन्ही बाबतींत कॅमेऱ्यांची स्वतःची किंमत एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. तरीही ग्राहक घासाघीस करतो ती कॅमेऱ्यामागच्या शंभर रुपयांसाठी.

एएमसीचा कागद सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावा. आम्हाला दिलेल्या करारात सुटे भाग अंतर्भूत नाहीत. वर्षातून ठरावीक वेळा येऊन साफसफाई आणि तपासणी करणे, आणि बोलावल्यावर भेटीचे वेगळे पैसे न घेणे, एवढेच त्यात येते. कंपनीच्या वॉरंटीतही जादा व्होल्टेजने किंवा विजेच्या कडकडाटाने जळालेले भाग बसत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा लांब केबलींमधून येणारा झटका डीव्हीआरचे पोर्ट घेऊन जाऊ शकतो, आणि ते नुकसान सर्वस्वी ग्राहकाचे असते. घराचे अर्थिंग तपासून घेणे आणि परगावी जाताना शक्य असेल तर सर्ज प्रोटेक्टर लावून जाणे हाच त्यावर मार्ग आहे. घर बंद असताना डीव्हीआर बंद करून जाण्याचा सल्लाही काही जण देतात. मग तो घेतला कशासाठी, असे त्यांना विचारावेसे वाटते.

बसवणाऱ्याच्या कामावर आमचा एक गंभीर आक्षेप आहे. काम झाल्यावर त्याने वडिलांच्या फोनवर ॲप चालू करून दिले, पण डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड स्वतःकडेच ठेवला. मागितल्यावर ‘तुम्हाला काय लागणार त्याचे, काही झाले तर मी आहेच’ असे उत्तर आले. पासवर्ड दुसऱ्याकडे असणे म्हणजे आपल्या ओट्यावरचे चित्र त्याला कधीही पाहता येणे, आणि उद्या दुसरा कारागीर बोलवायचा झाला तर सगळी मांडणी पुसून पहिल्यापासून सुरुवात करणे. पहिली गोष्ट खासगीपणाची आहे, दुसरी सरळ पैशांची. शेवटची ५,००० रुपयांची रक्कम पासवर्ड लिहून मिळेपर्यंत थांबवून धरली, तेव्हा तो मिळाला. मिळाल्याबरोबर बदलला. पासवर्ड हाती येईपर्यंत काही रक्कम हातची राखून ठेवावी, एवढे यावरून नक्की सांगता येईल. वायरिंगची सफाई, पट्ट्यांची सरळ रेषा आणि बॉक्सच्या तोंडाला लावलेले सिलिकॉन याबाबत मात्र त्याला नाव ठेवायला जागा नाही.

स्वस्तातले पर्याय आम्ही पाहिले नव्हते असे नाही. दोन-अडीच हजारांत मिळणारा वायफाय कॅमेरा फ्लॅटच्या दाराशी किंवा दिवाणखान्यात उत्तम चालतो, आणि फक्त एकच दार असलेल्या घराला चार कॅमेऱ्यांचा थाट लागतही नाही. बैठ्या घरात मात्र प्रत्येक वायफाय कॅमेऱ्याला विजेचा पॉइंट हवा असतो, त्यामुळे वायरिंग टळत नाही. आणि चित्रण कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर होत असेल तर कॅमेरा उपटून नेणारा पुरावाही सोबत नेतो. क्लाउडवर चित्रण साठवायचे तर कॅमेऱ्यागणिक मासिक वर्गणी. आयपी कॅमेरे (नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) आणि त्यांचे चित्रण नोंदवणारा एनव्हीआर यांचे चित्र निःसंशय सरस असते, पण तोच आवाका आमच्याकडच्या दरांनी दीडपट ते दुपटीत गेला असता.

कोणताही संच घेतला तरी एक गोष्ट तपासावी. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सायबर सुरक्षेच्या अटींची चाचणी उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे एखादा कॅमेरा बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल, तर तो चाचणीपूर्वीचा जुना साठा नाही ना, हे खोक्यावरचा मॉडेल क्रमांक आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी पाहून विचारावे, आणि बिलावर तोच मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा.

आता या सगळ्या पैशांच्या बदल्यात मिळते काय? कॅमेरा चोर पकडत नाही. रात्री तीन वाजता फोनवर आलेली सूचना झोपलेला माणूस पाहत नाही, आणि पाहिली तरी पुण्याहून साताऱ्याला पोहोचायला दोन-अडीच तास लागतात. दारांना चुंबकीय सेन्सर आणि मोठ्या आवाजाचा भोंगा असलेली अलार्म यंत्रणा पाच ते आठ हजारांत मिळते आणि शेजारी जागे करण्याचे काम ती कॅमेऱ्यापेक्षा चांगले करते. आमच्या शेजाऱ्यांची वस्ती दाट असल्यामुळे पुढच्या वर्षी मागच्या दाराला ती लावण्याचा विचार आहे. कॅमेऱ्याकडून मिळतो तो पुरावा, आणि तोही उपयोगी पडायचा तर डीव्हीआरचे घड्याळ बरोबर हवे. आमचे बसवतानाच काही मिनिटे पुढे लावले गेले होते. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय त्यात असते, ती चालू करून घेतली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे चित्रण न्यायालयात मांडताना विहित नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे तशी वेळ आली तर घाईघाईने मोबाइलवर पडद्याचे चित्रण करून न ठेवता मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी.

दागिन्यांच्या काळजीपोटी कॅमेरे घेणाऱ्यांनी आधी बँकेच्या लॉकरचे भाडे पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. दोन हजार भाड्याच्या लॉकरला दोन लाख. ही मर्यादा तोकडी वाटली तरी घरातल्या कपाटाला तेवढीही हमी कोणी देत नाही. घराच्या विम्याबाबतही गैरसमज आढळतो. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत घरफोडी मुळात येत नाही. आग, पूर यांसारखी विम्यात बसणारी घटना घडल्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी येते. घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते.

एकूण पाहता संच घेण्याजोगा आहे, आणि याच कारागिराकडून पुन्हा काम करून घेण्यास आमची हरकत नाही, फक्त दरपत्रक करासह, केबलचा प्रकार लिहून आणि पासवर्ड देण्याच्या अटीवर. एएमसी मात्र आम्ही चालू ठेवणार नाही. कराराबाहेर एका भेटीचे तो ५०० रुपये घेतो, वर्षाच्या २,३६० रुपयांत अशा चार भेटी होतात, आणि झाडू मारण्याचे काम वडील त्याच्यापेक्षा जास्त नियमितपणे करतात.